पान रजिस्टर केलं तेव्हा

त्या पानाला हात लावायची मला मुभा नव्हती. लग्न होऊन आले तेव्हा सासूनं चूल दाखवली, भाताची कणगी दाखवली, आणि आढ्याला टांगलेल्या बांबूच्या नळीकडे हनुवटी उचलून म्हणाली, "ते तुझ्या मामांचं. तिकडे बघायचंसुद्धा नाही." अकरा वर्षं मी बघितलं नाही. मला काय, कामं कमी होती का?

नळीत ताडाचं एक पान होतं. हातभर लांब, तीन बोटं रुंद, दोन्ही अंगांनी मिळून चौदा ओळी कोरलेलं. घरामागचा डोंगरउतार कँडीच्या राजानं आमच्या घराण्याला दिला त्याचं ते लिखाण. राजा गेला, राज्य गेलं, लंडनची राणी आली, पण उतार आमच्याकडेच होता. वर्षातले आठ महिने आम्ही त्या उतारावरची नाचणी खायचो. खालची भातखाचरं नुसती नावाला होती.

पाऊस सरता सरता गावचा आरच्ची, म्हणजे सरकारनं नेमलेला पाटील, ढोल बडवत आला आणि मोठ्या फणसाला एक कागद ठोकून गेला. मागचा सगळा डोंगर पडीक आहे, सरकारचा आहे. कुणाचा हक्क असेल त्यानं तीन महिन्यांच्या आत कँडीच्या कचेरीत अस्सल लिखाण पोचवावं, नक्कल चालणार नाही. मुदत गेली की तिथं गोऱ्या मळेवाल्याचा चहा लागणार, हे कुणी वेगळं सांगायला नको होतं.

माझे सासरे किरिहामी, तेच हे मामा. सत्तरी ओलांडलेले, हाडकुळे, आणि हट्टाच्या बाबतीत रेड्याला मागं सारतील असे. ते म्हणाले, "माझं पान घरातनं हलणार नाही. ज्याला बघायचंय त्यानं इथं यावं."

"कँडीच्या कचेरीतला एजंट साहेब यायचा आहे होय आपल्या पडवीत?" माझा नवरा मुदियान्से म्हणायचा.

"नाही आला तर नको येऊ दे. मी बोलावलं नाही त्याला."

अडीच महिने हेच चाललं. शेवटी मुदियान्से म्हणाला, मी पान घेऊन चालत जातो, दोन दिवसांची वाट आहे. आणि त्याच आठवड्यात त्याला हिवतापानं गाठलं. चटईवर पडल्या पडल्या दातांवर दात वाजायचे. उतारावर नाचणी पिकत आलेली, रानडुकरं टपलेली, दिवसभर मी मचाणावर बसून डबा बडवायची आणि संध्याकाळी येऊन काढा उकळायची. मुदतीला पाच दिवस उरले तेव्हा माझा धीर सुटला.

"मामा, पेठेत टपालघर आहे," मी म्हटलं. "रजिस्टर करून पाठवलं की पोचतं. पावती देतात."

"पावती! आणि पान हरवलं तर काय पावती दाखवून नाचणी पेरू?"

"आणि नाही पाठवलं तर? चहाची पानं उकडून पोरांना घालू?"

सासऱ्याला असं बोलायची आमच्यात रीत नाही. मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. उठले, नळी खाली काढली आणि पडवीत जाऊन बसले. संध्याकाळभर त्यांनी पानाला राळेचं तेल चोळलं, काजळी भरली. अक्षरं मिटू नयेत म्हणून आमच्याकडे वर्षातनं एकदा करतात, पण त्या दिवशी त्यांनी तीन वेळा तेल लावलं. परक्या मुलखात निघालेल्या लेकीला न्हाऊ घालावं तसं चाललं होतं. मग सुपारीच्या गळलेल्या विरीत, झावळीच्या देठाच्या त्या कातड्यासारख्या पापुद्र्यात, पान गुंडाळून नऊ वेढ्यांनी दोरा बांधला.

"मी येणार," म्हणाले. "माझ्या हातनं जाईल."

सकाळी दोघं निघालो. पेठ तीन कोसांवर. मामा पुढं, पुडकं छातीशी धरून. मी मागं, डोक्यावर नाचणीच्या पिठाचं गाठोडं. येताना त्याच्या बदल्यात मीठ आणि सुकी मासळी आणायची होती. ओढ्यात जळवा लागल्या. मामा एका हातानं जळू ओढायचे, दुसऱ्या हातातलं पुडकं काही खाली ठेवायचे नाहीत.

"द्या इकडे, मी धरते."

"तू तुझं गाठोडं सांभाळ."

टपालघरात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पोस्टमास्तर चेल्लप्पा जाफन्याकडचे. कपाळाला विभूती, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. त्यांनी खिडकीतनं आमचं पुडकं दोन बोटांत धरून उचललं आणि हुंगलं.

"हे काय आहे?"

"रजिस्टर करायचंय, महत्तया," मी म्हटलं.

"हे? ही तर पुरचुंडी आहे. मासळी बांधलीय काय आत?"

व्हरांड्यातली माणसं हसली. मामांचे कान लाल झाले. मास्तर मात्र हसत नव्हते. त्यांनी नियम सांगायला सुरुवात केली, पाठ केलेल्या सूत्रासारखे, मान न हलवता. दोऱ्यानं बांधलेलं चालत नाही, कारण दोरा सोडून परत बांधता येतो. बंद लखोटा पाहिजे. पत्ता शाईनं, खाडाखोड नको. पाठवणाऱ्याचं नाव मागं. जिथं जिथं घडी मिटली असेल तिथं तिथं लाख, आणि प्रत्येक लाखेवर एकच ठसा, पाठवणाऱ्याचा स्वतःचा. नाण्याचा ठसा चालत नाही, बटणाचा चालत नाही, काडीनं मारलेल्या रेघोट्या चालत नाहीत. पेटीत टाकायचं नाही, हातात द्यायचं. रजिस्टरची खिडकी तीनला बंद. हरकारा साडेतीनला निघतो.

"तुमच्याकडे लाख आहे ना, महत्तया? तुम्हीच लावा की."

"मला मनाई आहे. मी लाख लावली तर उद्या तुम्हीच म्हणाल, मास्तरानं आतलं काढून घेतलं. मागं सरा. खिडकीत वाकू नका."

मी रडकुंडीला आले. आणि मामा? मामा मान डोलवत होते.

"शहाणा माणूस आहे," माझ्याकडे वळून म्हणाले. "कुणावर विश्वास टाकत नाही."

समोरच कॉर्नेलिस मुदलालींचं दुकान. खालच्या किनाऱ्याकडचा माणूस, गोड बोलायचा. आमच्या शेजारच्या तीन घरांचे हक्क यानं आपल्या नावावर करून घेऊन मळेवाल्याला विकले होते, तरी माणसं त्याच्याचकडे जायची, कारण दुसरं दुकान नव्हतं. त्याच्याकडनं जाड तपकिरी कागद घेतला, लाखेची कांडी घेतली. त्याच्याच भाताच्या खळीनं पानाच्या मापाचा लांब लखोटा चिकटवला. व्हरांड्यात अर्ज लिहिणारा बसतो त्यानं पत्ता घातला, मागं मामांचं नाव घातलं. मामांनी दोरा आणि विरी सोडून नुसतं पान आत सरकवलं. मी काडी ओढली, लाख थेंब थेंब पाडली.

लाख पडली, गार झाली आणि टिचकी मारावी तशी उडून खाली पडली.

पुन्हा पाडली. पुन्हा उडाली. मग बघते तर कागदाला आतनं तेल सुटलेलं. तीन वेळा चोळलेलं राळेचं तेल आणि काजळी कागदातनं बाहेर येऊन एजंट साहेबाच्या नावावर पसरत चालली होती.

"अगं आई गं," मी कपाळाला हात लावला. "मामा, एकदा चोळलं असतं तर चाललं नसतं का?"

"दूरचा प्रवास आहे म्हणून चोळलं!" मामा ओरडले, पण आवाजात जोर नव्हता. ते पायरीवर बसले. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

कॉर्नेलिस रस्ता ओलांडून आला. मामांशेजारी टेकला, विड्याचं तबक पुढं केलं. "किरिहामी, उगाच जिवाला त्रास कशाला? माझ्याकडे पत्र्याची पेटी आहे, बोटात शिक्क्याची अंगठी आहे. पान माझ्यापाशी द्या. पुसून, वाळवून उद्या पाठवतो माझ्या नावानं. मास्तर मला ओळखतात, एक शब्द बोलणार नाहीत."

मामांनी त्याच्याकडे बघितलं, लखोट्याकडे बघितलं. थकलेलं माणूस कसं बघतं तसं. आणि मग त्यांनी लखोटा पुढं केला.

मी खिडकीकडे धावले. "महत्तया, पावती कुणाच्या नावानं मिळते?"

"पाठवणाऱ्याच्या."

"आणि कचेरीचं उत्तर?"

"पाठवणाऱ्यालाच." मास्तरांनी चष्म्यावरनं रस्त्याकडे बघितलं. त्यांनी पुढं काही सुचवलं नाही. फक्त तेच वाक्य थोडं मोठ्यानं पुन्हा म्हटलं, "ज्याचं नाव मागं, त्यालाच."

मी परत येऊन मामांच्या हातातनं लखोटा ओढून घेतला. कॉर्नेलिसचं बोट लागलंच होतं त्याला. कागद टरकन फाडला आणि पान बाहेर काढलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात आलं ते. हलकं होतं. मला वाटलं होतं जड असेल.

"दिंगिरी!" मामा उठून उभे राहिले.

"बसा मामा. नंतर काय मारायचं ते मारा."

गाठोडं सोडलं, पीठ व्हरांड्याच्या फरशीवर ओतलं आणि पान त्यात घोळवलं. नाचणीचं पीठ तेल कसं ओढतं हे चुलीपाशी बसणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. दोन्ही अंगांनी घोळवायचं, तळव्यानं हलकं चोळायचं, झटकायचं, परत कोरडं पीठ घ्यायचं.

"पान आहे ते! भाकरी थापतेस काय?" मामांचा आवाज परत आला होता. बरं वाटलं.

माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं, तवा आणू का. कुणी म्हणालं, आमच्या एजंट साहेबाला जरा मीठ कमी घाल. हसू दे म्हटलं मेल्यांना. सहाव्यांदा झटकलं तेव्हा पीठ कोरडंच पडलं. अक्षरांत काजळी तेवढी राहिली, बाकी पान स्वच्छ. ते परत विरीत गुंडाळलं, विरीची कोरडी बाजू बाहेर. राहिलेलं चांगलं पीठ कॉर्नेलिसला मोजून दिलं आणि नवा कागद घेतला. त्यानं तोंड वाकडं करून दिला. मीठ गेलं, मासळी गेली.

पत्ता पुन्हा घातला. लाख पाडली. धरली! आता ठसा. अडीच वाजून गेले होते.

"तुमचा स्वतःचा काहीतरी," मास्तर खिडकीतनं म्हणाले. "दुसऱ्या कुणापाशी नसेल असा."

माझ्याकडे काय असणार? हातातल्या पितळी बांगडीवर नुसत्या रेघा. मामांनी कमरेला हात घातला आणि चुन्याची डबी काढली. तांब्याची, झाकणावर रुप्याच्या तारेनं वेलबुट्टी भरलेली, मधली एक पाकळी तुटलेली. त्यांच्या बापाची. झाकण थुंकीनं ओलं केलं आणि गरम लाखेवर दाबलं. पाच घड्या, पाच ठसे. दर खेपेला बोट भाजलं, दर खेपेला मामा "हं" म्हणाले. शेवटच्या ठशाला रुप्याची तार थोडी सुटून आली.

मास्तरांनी लखोटा उन्हात धरला. पाचही ठसे एकेक करून बघितले, नखानं टोकरून बघितलं.

"तुटकी पाकळी पाचही ठिकाणी आहे," म्हणाले. "चालेल."

तीनला चार मिनिटं कमी होती. त्यांनी लखोट्यावर निळी रेघ आडवी मारली, उभी मारली, आकडा घातला, वहीत लिहिलं आणि पावती फाडली. मामा पायरीवर बसून डबीच्या झाकणातली लाख काडीनं कोरत होते, म्हणून ती मी घेतली.

"जपून ठेवा," मास्तर मला म्हणाले. "आतलं परत मागायचं झालं तर हीच दाखवावी लागते. हिच्याशिवाय कुणी हातात देणार नाही."

मी पावती कनवटीला खोचली.

हरकारा आला, थैली खांद्यावर टाकली, घुंगरं बांधलेली काठी उचलली. थैलीत पान पडलं त्याचा आवाज मी ऐकला, मामांनीही ऐकला. हरकारा चालू लागला तसे मामा उभे राहिले.

"तू घरी जा," म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी जातो त्याच्या मागनं."

"मामा, कँडी दोन दिवसांवर आहे! तो धावणार, तुम्ही कुठं पुरणार?"

"नाही पुरलो तर मागनं पोचेन. एकट्याला कसं सोडू त्याला?" मग हात पुढं केला. "ती चिठ्ठी दे."

मी त्यांचं तोंड बघितलं. खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी मला कळलं की मामा पान पोचवायला निघाले नाहीत. म्हटलं, "मास्तर म्हणाले, पावती घरीच ठेवायची. वाटेत भिजली की मेली." आयुष्यात सासऱ्यांशी मी पहिल्यांदा खोटं बोलले, तेही टपालघराच्या दारात. मास्तर खिडकीची फळी लावत होते. त्यांनी ऐकलं आणि फळी लावून घेतली.

मामा गेले. मी एकटी परत आले. मुदियान्सेनं तापातसुद्धा मला धारेवर धरलं, "म्हाताऱ्याला सोडून आलीस? काय माणूस आहेस की कोण?" मी मचाणावर जाऊन डबा बडवत बसले. डुकरांना हाकलता हाकलता रडून घेतलं.

सहाव्या दिवशी दुपारी मामा आले. मुदत संपून दोन दिवस झाले होते. पाय भोपळ्यासारखे सुजलेले, एका टाचेला चिंधी. मी पाणी आणलं. त्यांनी पाय धुऊ दिले.

"पान परत आणायला गेलो होतो," म्हणाले.

मी चिंधी सोडत होते. मान वर केली नाही.

"कचेरीत पोचलं होतं. मी खिडकीतनं बघितलं, कारकुनाच्या मेजावर पडलं होतं, माझे पाचही ठसे वर. म्हटलं, माझं आहे, दे. तो म्हणाला, पावती दाखव. म्हटलं, सुनेपाशी आहे. तो म्हणाला, मग सुनेला विचार. दीड दिवस बसलो तिथं. नाही दिलं." मग तोच हात पुढं केला, बोटांवर भाजल्याचे फोड वाळलेले. "दे आता. परवा परत पोचतो."

मुदियान्से चटईवर उठून बसला. त्याची नजर माझ्यावर, मामांची नजर माझ्यावर.

"नाही देणार, मामा."

"ठाऊक होतं तुला?"

"होतं. म्हणून तर खोटं बोलले."

मला वाटलं, आता हात उठतो. उठला असता तर मी सोसलं असतं. पण त्यांनी हात हळूच मागं घेतला, मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. नऊ दिवस माझ्या हातचं खाल्लं नाही. परड्यात तीन दगड मांडून स्वतः शिजवायचे. भात करपलेला मला घरात वास यायचा.

चौदा महिन्यांनी मोजणीदार आला. त्यानं सरकारी हद्दीचे दगड आमच्या उताराच्या वर रोवले, आमचा उतार खाली राहिला. कॉर्नेलिसनं घेतलेल्या तिन्ही घरांच्या जमिनीवर मळेवाल्याच्या माणसांनी झाडं तोडायला सुरुवात केली होती. आणि मामांच्या नावाचं पत्र आलं, मुदियान्सेनं आरच्चीकडनं वाचून आणलं: हक्क मान्य आहे, अस्सल लिखाण कचेरीच्या दप्तरी ठेवलं आहे, परत मिळणार नाही. मामा म्हणाले होते तेच झालं आणि मी म्हणाले होते तेही झालं. मी म्हणाले त्यातनं नाचणी खाता येत होती, एवढाच काय तो फरक.

त्या साली नाचणी कापत होते तेव्हा मामा काठी टेकत उतारावर आले. कणसं तोडायचा माझा हात थांबला.

"तोड, तोड," म्हणाले. "तोडता तोडता ऐक. पान तू घालवलंस, आता तूच पाठ कर."

"मामा, मी बाईमाणूस. मला वाचताही येत नाही."

"वाच म्हणालो का मी? ऐक म्हणालो."

आणि त्यांनी पहिली ओळ म्हटली. मी म्हटली. चुकले की काठी जमिनीवर आपटायचे. दिवसाला एक ओळ. पूर्वेला हत्तीसारखा खडक, दक्षिणेला जुन्या धरणाचा बांध, असं करत करत अकरा ओळी झाल्या. बाराव्या दिवशी ते आले, उभे राहिले, तोंड उघडलं आणि गप्प झाले. ओठ हलत होते. अकरावी पुन्हा म्हणून बघितली, तेरावी म्हणून बघितली. मधली येईना.

"काय होतं गं तिथं?" माझ्याकडे बघून म्हणाले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे डोळे भरून आलेले मला बघवेनात. "रोज वाचायचो मी. रोज."

मी विळा खाली ठेवला. त्यांच्या जवळ जाऊन उभी राहिले आणि पश्चिमेकडे बघितलं, कारण बारावी ओळ पश्चिमेची होती एवढं मला कळलं होतं.

"तिकडे काय आहे?" त्यांनी विचारलं. "माझ्या डोळ्यांना नीट दिसत नाही."

"मधमाश्यांचं मोठं झाड आहे, मामा. त्याच्या पुढं ओढा."

त्यांनी काठीचं टोक तिकडे वळवलं.

"मग तेच म्हण," म्हणाले, आणि तेरावी ओळ सांगायला लागले.